अबोल्याच्या घरातली भिंगरी

आमच्या घरात भांडणं होत नाहीत. हे मी अभिमानाने सांगत नाहीये. भांडण झालं की आवाज चढतात, एखादं भांडं आपटतं, कोणीतरी रडतं आणि जेवणाच्या वेळेपर्यंत सगळे पानावर येऊन बसतात. आमच्याकडे तसला उघडा कारभार नाही. आमच्याकडे अबोला असतो. आमचे आजोबा आणि त्यांचे भाऊ एकाच गोठ्यात अकरा वर्षं काम करत होते, पण एकमेकांशी चकार शब्द बोलले नाहीत. भाऊ गेले तेव्हा आजोबांनी फक्त एवढंच विचारलं, "शेवटी माझ्याबद्दल काही म्हणाला का?" ते काही म्हणाले नव्हते. तेही आमच्याच घरातले होते ना!

ही परंपरा माझ्या दोन भावांनी मनोभावे पुढे चालवली. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, धाकटा तीन वर्षांनी लहान. मी वयाने मधली आणि घरातही मधलीच. घर लांबट आहे. डावीकडच्या दोन खोल्या दादाच्या, उजवीकडची एक धाकट्याची, मध्ये सगळ्यांचं स्वयंपाकघर आणि त्याच्या वरची उतरत्या छपराची खोली माझी. दोन्ही बाजूंनी काय चाललंय ते तिथे ऐकू येतं. म्हणजे ऐकू आलं असतं, कोणी बोलत असतं तर.

अबोल्याचं कारण विचाराल तर शिडी. पाच वर्षांपूर्वी सफरचंदं काढून झाल्यावर शिडी झाडालाच टेकवलेली राहिली, भिजली, कुजली आणि पुढच्या हंगामात तिसऱ्या पायरीवरून दादा खाली आला. दादाचं म्हणणं, शिडी आत ठेवायचं काम धाकट्याचं. धाकट्याचं म्हणणं, शेवटी चढला तो दादा. दादाचा मुरगळलेला पाय पंधरा दिवसांत बरा झाला. शिडी चुलीत गेली. ती कोणी बाहेर ठेवली हे मात्र अजून ठरायचं आहे.

आता बावीस गाई, बटाट्याचं आणि मक्याचं शेत, सफरचंदाची चाळीस झाडं, एक ट्रॅक्टर आणि दोन मालक. सकाळची धार दादा काढतो, संध्याकाळची धाकटा. दोघांनी एकमेकांना रोज निदान दहा गोष्टी सांगाव्याच लागतात. कुठली गाय लंगडतेय, वैरण किती उरलीय, यंत्राची कुठली नळी गळतेय. मग हे सांगायचं कसं? त्यासाठी घरात एक पाच वर्षांची मुलगी सापडली.

ही दादाची मुलगी. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी उभी राहिलेली कोणी पाहिलेली नाही. डॉक्टरकडे वजन करायला नेली तर काटा थांबेना. कोंबड्यांच्या खुराड्यात लपणं, ट्रॅक्टरच्या सीटवर अंडं ठेवणं, माझा चष्मा शेळीला घालून ती कशी दिसते ते बघणं, हे तिचे किरकोळ उद्योग. शेळीला तो चष्मा माझ्यापेक्षा बरा दिसत होता, असं ती अजून सांगते.

तर हे दोन बाप्ये गोठ्यात दहा पावलांवर उभे राहत, मध्ये भिंगरी.

"सांग तुझ्या काकाला, मोरीजवळची नळी बदल म्हणावं."

"काका, बाबा म्हणतात मोरीजवळची नळी बदल."

"सांग तुझ्या बाबांना, मी आंधळा नाही म्हणावं."

"बाबा, काका म्हणतो तो आंधळा नाहीये."

दोघांना दोन्ही वेळा नीट ऐकू येत असे. तरीही दोघे पोरीच्या तोंडून निरोप येईपर्यंत गव्हाणीकडे बघत थांबत. बाहेरच्या माणसाला हे पाहून हसू यायचं. आम्हाला सवय होती. सवय झाली की माणसाला स्वतःचा मूर्खपणा दिसत नाही, आणि मी हे स्वतःला धरूनच म्हणतेय.

सहा वर्षांची होईपर्यंत भिंगरी शब्दाला शब्द पोचवत होती. मग तिच्या लक्षात आलं की या दोन माणसांच्या मधली एकुलती एक वाट म्हणजे आपण. वाट आपली म्हटल्यावर जकातही आपलीच. "काका, बाबा म्हणाले खालच्या शेतात जाताना भिंगरीला ट्रॅक्टरवर घे." "बाबा, काका म्हणतो सायकलची साखळी आधी लाव, मग बाकीचं." दादाला धाकट्याची विनंती म्हणजे पुतणीचे लाड वाटले, धाकट्याला दादाचा तो हुकूम वाटला. पण विचारून खात्री करायची तर बोलावं लागणार. त्यापेक्षा साखळी लावलेली बरी.

पुढे तिने निरोप धुऊन, वाळवून, घडी घालून द्यायला सुरुवात केली. दादा म्हणाला, "सांग त्या गाढवाला, शेणाचा ढीग रस्त्यात घातलाय, माणसांनी जायचं कुठून?" धाकटा मागच्या अंगणात होता. भिंगरी त्याच्याकडे गेली आणि म्हणाली, "काका, बाबा म्हणतात ढीग तू फार सुरेख रचतोस. तेवढा जरा बाजूला घेशील का?" धाकटा फावडं टेकवून बराच वेळ उभा राहिला. मग त्याने ढीग हलवला, आणि चारी बाजूंनी फावड्याने थापून गुळगुळीतही केला. मी वरच्या खिडकीतून हे सगळं पाहिलं. शेणाच्या ढिगाला इतकी इस्त्री केलेली मी आयुष्यात पाहिली नव्हती.

मला सगळं कळत होतं. मी काही बोलले नाही, कारण आमचं शेत इतकं नीट कधी चाललं नव्हतं. खोट्यावर चाललं होतं, पण चाललं होतं. खरं तर मीही तिचा वापर करत होते. वहिनी जेवणात मीठ कमी घालते हे मी तिला कधी तोंडावर सांगितलं नाही, भिंगरीला म्हणायचे, "तुझ्या आईला सांग हं सहज." दुसऱ्या दिवशी मीठ बरोबर असायचं. तिने तिथे काय सांगितलं, ते तिलाच माहीत. वहिनी म्हणजे दादाची बायको. माहेरी बोलकी होती म्हणतात. इथे आल्यावर दोन वर्षांत मूग गिळून बसण्यात तिने आम्हालाही मागे टाकलं.

तीन वर्षं हा कारभार बिनबोभाट चालला. बिघडला तो एका गोऱ्ह्यामुळे.

दुधाच्या धंद्यात गाईला कालवड झाली की आनंद, आणि गोऱ्हा झाला की व्यापाऱ्याला फोन. भिंगरीने एका गोऱ्ह्याला जीव लावला. त्याचं नाव तिने मंत्री ठेवलं, कारण तो खायचा, झोपायचा, मधूनच उगाच हंबरायचा आणि काम एक करायचा नाही. मंत्री जायची वेळ आली तेव्हा तिने काय करावं? रडली नाही. दादाला जाऊन म्हणाली, "बाबा, काका म्हणतो गोऱ्हा आत्ताच्या आत्ता विकायचा, तुमचं काही चालणार नाही." मग धाकट्याला म्हणाली, "काका, बाबा म्हणतात गोऱ्हा विकणार म्हणजे विकणार, तुला कोण विचारतो?"

झालं. दोघेही हटून बसले. व्यापारी फोन करायचा, दादा सांगायचा, "विकायचा नाही." धाकटाही तेच सांगायचा. चार महिने मंत्र्याने दोन भावांच्या हट्टावर यथेच्छ मका खाल्ला. माझ्या भावांना ओळखणारं या घरात कोणी असेल, तर ती ही नऊ वर्षांची मुलगी.

शेवटी व्यापारीच एक दिवस दारात येऊन उभा राहिला. दोघांच्या मध्ये उभा राहून म्हणाला, "मला एक कळत नाही. तुम्ही दोघंही विकायचा नाही म्हणता, आणि दोघंही म्हणता की दुसऱ्याला विकायचाय. मग विकायचाय कोणाला?"

माणूस बाहेरचा. आमच्याकडे असं सरळ विचारत नाहीत हे त्याला कोण सांगणार? दोघांनी एकदम भिंगरीकडे पाहिलं. ती तोपर्यंत सफरचंदाच्या झाडावर होती.

त्या दिवशी स्वयंपाकघरात न्यायनिवाडा झाला. दादा टेबलाच्या एका टोकाला, धाकटा खिडकीशी पाठ करून. गुन्हा एक, न्यायाधीश दोन, आणि दोघे एकमेकांशी बोलत नसल्यामुळे प्रत्येकाने स्वतंत्र निकाल दिला. निकाल मात्र एकच होता. यापुढे भिंगरीने कोणाचा निरोप कोणाला सांगायचा नाही. गोठ्यातल्या कुठल्याही कामाबद्दल तोंड उघडायचं नाही.

"एक शब्द जरी इकडचा तिकडे केलास," दादा म्हणाला, "तर मावशीकडे पाठवीन शहरात. शाळाही तिकडेच. समजलं?"

मावशीचं घर भिंगरीने एकदा पाहिलं होतं. चौथ्या मजल्यावर. दारात चपलांची रांग, बाल्कनीत प्लॅस्टिकची झाडं, आणि ती झाडं मावशी रोज ओल्या फडक्याने पुसते. तिथे आठ दिवस राहून आल्यावर भिंगरी गोठ्यात जाऊन एका गाईच्या पोटाला कान लावून कितीतरी वेळ उभी राहिली होती, आणि भिंगरी उभी राहते म्हणजे काय, ते मी वर सांगितलंच आहे. ती शहराला घाबरत नव्हती. तिला इथून जायचं नव्हतं, एवढंच. त्या दिवशी तिने मान हलवली आणि पहिल्यांदाच उलट बोलली नाही.

मंत्री मात्र राहिला. त्याला विकायचं तर दोघांनी एकमेकांना तसं सांगायला हवं, आणि सांगणारी तर आता मुकी केली होती.

निरोपांसाठी दादाने शाळेतून टाकून दिलेला एक फळा आणला आणि गोठ्याच्या दाराशी टांगला. मध्ये खडूची रेघ ओढली. डावीकडे तो लिहिणार, उजवीकडे धाकटा. पहिल्या दिवशी दादाने लिहिलं, "वैरणीचं दार नीट लावणे." दार उघडंच राहिलं. धाकटा मला म्हणाला, "ताई, त्यात माझं नाव कुठे आहे? भिंतीवर लिहिलेलं भिंतीसाठी असतं." त्यानेही उजवीकडे काहीतरी लिहिलं. ते दादाने वाचलं नाही, कारण त्याच्या बाजूला नव्हतं. पंधरा दिवसांत ट्रॅक्टरमध्ये दोनदा तेल घातलं गेलं, एका गाईला एकाच आठवड्यात दोनदा जंताचं औषध मिळालं, आणि बटाट्याच्या शेतात पाणी कोणीच सोडलं नाही. भिंगरी हे सगळं बघत होती. तिच्या तोंडात एरवी तीळ भिजत नाही. आता ती ओठ इतके घट्ट मिटून फिरायची की ते पांढरे पडायचे. आणि आम्ही म्हणत होतो, पोरगी सुधारली.

मग ती पांढऱ्या तोंडाच्या गाईची भानगड झाली.

त्या दिवशी सकाळी गाईची कास सुजलेली दिसली. गुरांचे डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं आणि बजावून गेले, "तीन दिवस हिचं दूध टाकीत घालायचं नाही. बाजूला काढा, टाकून द्या." हे दुधाच्या धंद्यात शेंबडं पोरही जाणतं. औषधाचं थोडंसं दूध टाकीत पडलं तरी सगळी टाकी बाद. म्हणून अशा गाईच्या मागच्या पायाला लाल पट्टी बांधतात. धार काढणाऱ्याने पट्टी बघितली की तिचं दूध बादलीत. बोलायची गरजच पडत नाही. आमच्यासारख्यांसाठीच जणू ही युक्ती निघाली असावी.

पण लाल पट्टी संपली होती. शेवटचा तुकडा मंत्र्याच्या गळ्यात टायसारखा बांधलेला होता आणि त्याने तो अर्धा चघळला होता. कोणी बांधला ते सांगायला नको. दादाने तिला त्याबद्दल झापलं, मग फळ्याकडे गेला आणि डावीकडे मोठ्या अक्षरात लिहिलं, "पांढऱ्या तोंडाची. दूध बाद. तीन दिवस." खडू खिशात टाकला आणि तो बटाट्याच्या शेताकडे गेला. आपलं कर्तव्य झालं, असं त्याच्या पाठीवरही लिहिलेलं होतं.

संध्याकाळी धाकटा धार काढायला आला. फळ्याच्या डाव्या बाजूला त्याने पाहिलं नाही. तत्त्वाचा माणूस!

मी तेव्हा स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत अंडी पुसत होते. ओलं फडकं, एकेक अंडं, ट्रेमध्ये लावायचं. चौथी ओळ चालली होती. भिंगरी दारात आली.

"आत्या, एक सांगू?"

"काय?"

"गोठ्यातलं आहे."

"मग नको सांगूस," मी म्हणाले. "तुला काय ठरवून दिलंय? मला मध्ये घेऊ नकोस बाई. तुझ्या बाबांनी ऐकलं तर तुझी पेटी भरतील आणि माझ्या नावाने शंख करतील."

"पण आत्या, ती पांढऱ्या तोंडाची..."

"गप्प बस म्हटलं ना!"

ती गेली. मी पाचवी ओळ लावायला घेतली. ती काय सांगायला आली होती हे मला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. सकाळी डॉक्टरांची गाडी मी पाहिली होती. पट्टी कुठे आहे हेही पाहिलं होतं. मला सगळा हिशेब जुळवायला एक मिनिट लागलं असतं. मी ते मिनिट अंडी पुसण्यात घालवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने आपली धार काढली, पांढऱ्या तोंडाचीचं दूध नियमाने बादलीत काढून ओतून दिलं, आणि हात धुतो न धुतो तोच टँकर आला. टँकरवाला आमचा जुना ओळखीचा. टाकीतलं थोडं दूध नळीत घेऊन त्यात तो कागदाची पट्टी बुडवतो आणि रेघ उमटेपर्यंत विडी ओढतो. त्या दिवशी त्याने पट्टी पाहिली, विडी विझवली, दुसरी पट्टी बुडवली, तीही पाहिली. मग म्हणाला, "औषध आहे. नाही नेता येणार."

टाकीचा नळ उघडला. बावीस गाईंचं दोन वेळचं दूध मोरीतून आवाज करत गेलं आणि मागच्या चरात पांढरं तळं साचलं. मांजरांनी तेवढी चैन केली.

"फळ्यावर लिहिलं होतं!" दादा आभाळाकडे बघून ओरडला.

"फळा वाचायला मी काय शाळेत जातो?" धाकट्याने टँकरच्या चाकाला विचारलं.

दोघांनी सवयीने मध्ये पाहिलं. मध्ये कोणी नव्हतं. भिंगरी कठड्यावर बसली होती, ओठ मिटून. धाकटा तिच्याकडे बघत राहिला आणि त्याला आठवलं.

"ही काल वैरणीच्या पेटीवर बसून बघत होती."

"सकाळी डॉक्टरांजवळही होती," दादा म्हणाला.

"म्हणजे हिला माहीत होतं."

"माहीत होतं आणि बोलली नाही."

"मुद्दाम."

"मुद्दामच."

टँकरवाला बघत होता, मी बघत होते, वहिनी हातात टॉवेल घेऊन दारात उभी होती. चार वर्षांनी माझे भाऊ एकमेकांशी बोलत होते, तोंडाकडे बघून, एकाचं वाक्य दुसरा पुरं करत होता. या दोघांचं एकमत होईल अशी जगात एकच गोष्ट होती, आणि ती कठड्यावर बसून पाय हलवत होती. पुढचंही त्यांनी तिथेच ठरवलं. पोरगी हाताबाहेर गेलीय. मावशीला आजच फोन करायचा. उद्या सकाळी नेऊन सोडायचं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, तशा. फक्त इथे चोर दोन होते आणि त्यांचं छान जमलं होतं.

भिंगरी एवढंच म्हणाली, "तुम्हीच गप्प बस म्हणालात."

"उलट बोलू नकोस!" दोघे एकदम म्हणाले.

धाकट्याचे कान तेव्हा लाल झाले होते. ते मी पाहिलं. माझेही झाले असतील, पण ते मला दिसत नाहीत. मी काही बोलले नाही. दुपारी बोलेन म्हटलं. दुपारी दादा आणि धाकटा एका बाकावर बसून चहा पीत होते आणि दादा त्याला विचारत होता, "मक्याचं काय करायचं रे?" इतकं सुखाचं चित्र बिघडवायचं माझ्या जिवावर आलं. संध्याकाळी बोलेन म्हटलं. संध्याकाळी वहिनी लेकीचे कपडे पेटीत भरत होती, एकेक फ्रॉक तीन-तीनदा घडी करत होती, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मी दारातून परत फिरले. हे माझं शौर्य. एवढी मोठी बाई, त्रेचाळीस वर्षांची!

सकाळी पेटी गाडीत गेली. भिंगरीला न्हाऊ-माखू घालून, वेणी घट्ट घालून पुढच्या सीटवर बसवलं होतं. ती इतकी स्थिर बसली होती की मला बघवेना. दादा किल्ली शोधत होता. धाकटा टायरमधली हवा बघत होता. हवा ठीक होती, पण त्याला कुठेतरी बघायला हवं होतं.

आणि मी बोलले. धैर्य आलं म्हणून नाही. तिच्या वेणीतून मागे मानेवर सुटलेला एक केस दिसला आणि मला राहवलं नाही.

"दादा, ती माझ्याकडे आली होती."

"कधी?"

"परवा संध्याकाळी. सांगायला आली होती. मी तिला गप्प बस म्हणाले."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी लहानपणापासून या नजरेला घाबरत आले आहे. यानंतर काय येतं ते मला माहीत आहे. काहीच येत नाही, महिनोन्महिने. मी उभी राहिले.

"माझ्याकडेही आली होती," मागून वहिनी म्हणाली. तिचा आवाज इतक्या दिवसांनी मोठ्याने ऐकला की क्षणभर मला ओळखू आला नाही. "मी म्हटलं, हे तुझ्या बाबांच्या कानावर गेलं तर तुझी खैर नाही."

धाकटा टायरपाशी वाकलेलाच होता. तिथूनच म्हणाला, "मलाही म्हणाली. 'काका, लाल पट्टी...' एवढंच. मी म्हटलं, चूप."

भिंगरीने गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. माझ्याकडे बघून म्हणाली, "मग काल का नाही सांगितलंस, आत्या? काल दिवसभर तर तू होतीस."

"भीती वाटली गं."

"कोणाची?"

मी भावांकडे बोट दाखवलं. एकाच्या सदऱ्याचं खालचं बटण वरच्या काजात गेलं होतं. दुसऱ्याच्या गुडघ्याला शेण लागलं होतं. तिने आधी एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे.

"यांची?" ती म्हणाली आणि हसायला लागली. खुराड्यात लपली असताना हसते तशी, तोंड दाबून, मग न दाबता.

दादाला ते झोंबलं. चिडलेल्या माणसाला शेवटचा एखादा कोपरा तरी हवा असतो. तो खिडकीपाशी गेला आणि म्हणाला, "हसतेस काय? सगळ्यांकडे गेलीस. आईकडे, आत्याकडे, काकाकडे. माझ्याकडे का नाही आलीस? मला का नाही सांगितलंस?"

भिंगरीचं हसणं थांबलं. तिला तो प्रश्न खरंच कळला नसावा. ती उद्धटपणे बोलली नाही. दादाला काहीतरी विसरायला झालंय आणि आपण त्याची आठवण करून देतोय, अशा आवाजात ती म्हणाली,

"बाबा, तुम्हाला तर माहीतच होतं. इंजेक्शन देताना गाईची दोरी तुम्हीच धरली होती. काकाला सांगायचं तेवढं राहिलं होतं."

कोणी काही बोललं नाही. आमच्या घरात कोणी काही न बोलण्याचे जितके प्रकार आहेत ते सगळे मी ओळखते. हा त्यांतला नव्हता. दादा गाडीच्या दाराला धरून उभा होता. मला चारेक वर्षांत पहिल्यांदा त्याची दया आली.

त्याने किल्ली खिशात टाकली. मग वळला, चार पावलं चालून टायरपाशी गेला आणि वाकलेल्या भावाला म्हणाला, "ऐक. त्या पांढऱ्या तोंडाचीचं दूध आजही टाकीत घालू नकोस."

"बरं," धाकटा म्हणाला, आणि गाडीतली पेटी उचलून घरात घेऊन गेला.